सुरतेचं जुनं बंदर दोन दिवसांत कसं बघावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. अमळनेरहून आई-वडील आणि दोन शाळकरी मुलांना घेऊन दोन दिवस सुरतला जायचंय. किल्ला, इंग्रजांची वखार, महाराजांनी सुरत लुटली ती जागा आणि समुद्र, एवढं बघायचंय. क्रम कसा लावावा आणि काय गाळावं?

आधी एक गैरसमज काढून टाकू, कारण बहुतेकांचा दिवस त्यातच वाया जातो. बंदर म्हणजे समुद्र असं धरून लोक स्टेशनवरून थेट डुमसला जातात, काळी वाळू आणि भज्यांच्या गाड्या बघतात आणि "सुरतेत जुनं काही उरलंच नाही" म्हणत परततात. सुरतेचं बंदर समुद्रावर नव्हतंच, ते तापीत होतं. मुखापासून पंधरा-वीस किलोमीटर आत नदीच्या डाव्या काठावर किल्ला, जकातीचं नाकं आणि धक्के होते. लहान गलबतं भरतीच्या पाण्यावर तिथवर चढून येत. मोठी जहाजं बाहेर सुवाळीला नांगर टाकत आणि माल बैलगाड्यांतून किंवा होड्यांतून आत येई. म्हणून सुरत बघायची ती नदीकडून. किल्ला आधी, समुद्र शेवटी, तोही वेळ उरला तर.

जायचं कसं ते तुम्हाला ठाऊक असणारच, तरी दोन गोष्टी सांगतो. जळगाव ते उधना हा ताप्ती मार्ग सुमारे ३०७ किलोमीटरचा आहे. जळगावहून एक्स्प्रेसला साधारण पाच-सहा तास लागतात, अमळनेरहून तासभर कमी. या मार्गाच्या काही गाड्या सुरतपर्यंत न जाता उधन्यालाच थांबतात. तिकिटावर कोणतं स्टेशन छापलंय ते बघा आणि हॉटेल त्या हिशोबाने घ्या. धुळे किंवा साक्रीकडून येणारे कोंडाईबारी उतरून नवापूर, सोनगड, व्यारा, बारडोली असे येतात. ही वाट जुनीच आहे. इंग्लंडच्या राजाचा वकील सर थॉमस रो १६१५ मध्ये सुरतेला उतरला आणि व्यारा, नंदुरबार, सिंदखेडा, थाळनेर, चोपडा, रावेर करत बुऱ्हाणपूरला शहजादा परवेझच्या दरबारी गेला. त्याला जवळपास दोन आठवडे लागले. पुढे याच वाटेने गेलेल्या ताव्हेर्निये या फ्रेंच व्यापाऱ्याने नवापूरच्या तांदळाला कस्तुरीचा वास येतो असं लिहून ठेवलंय. खान्देशातली आपली गावं म्हणजे या बंदराची मागची वाट होती. बुऱ्हाणपूरचं कापड याच वाटेने सुरतेला जाई आणि तिथून इराण-तुर्कस्तानपर्यंत. मुलांना हे गाडीतच सांगून टाका, म्हणजे सुरत परकी वाटणार नाही.

वार निवडताना जरा डोकं चालवावं लागतं. संग्रहालयं साधारणपणे सोमवारी बंद असतात. मुघलसराईत, म्हणजे हाजींसाठी बांधलेल्या जुन्या सराईत, आता महापालिकेचं कार्यालय आहे, त्यामुळे रविवारी आणि सुटीच्या दिवशी आत जाता येत नाही. शुक्रवारी दुपारी साडेबारा ते दोन या वेळेत मशिदींभोवती गर्दी असते. तेव्हा बुधवार-गुरुवार उत्तम. शुक्रवार-शनिवार जमणार असेल तर मुघलसराई शुक्रवारीच उरकून घ्या. महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मे महिन्यात दगडी किल्ल्यात आणि इंग्रज-डचांच्या उघड्या कबरस्तानात आई-वडिलांचे हाल होतील. पावसाळ्यात कबरस्तानात गुडघाभर गवत माजतं आणि त्यात साप-विंचू असतात.

पहिल्या दिवशी सकाळी चौक बाजार गाठा. स्टेशनपासून तो साधारण तीन किलोमीटर आहे. रिक्षावाल्याला "जुनो किल्लो" किंवा नुसतं "चोक" म्हणा. मेट्रोच्या भुयारी मार्गाचं काम या भागात चालू असेल तर रस्ते वळवलेले असतात. रिक्षा अलीकडेच सोडून शेवटचा टप्पा चालत जाणं शहाणपणाचं.

किल्ला लहान आहे. देवगिरी किंवा अगदी आपलं अंमळनेरचं बोरीकाठचं गढीचं दार डोळ्यांपुढे ठेवून गेलात तर सुरुवातीला निराशा होईल. हा डोंगरी किल्ला नाही, की गावाला कवेत घेणारा कोटही नाही. नदीवर तोफा रोखून धरण्यासाठी बांधलेली ही पेटी आहे. पोर्तुगिजांनी १५३० मध्ये सुरत आणि पलीकडचं रांदेर जाळलं. त्यानंतर गुजरातचा सुलतान महमूद तिसरा याने १५४० च्या दशकात खुदावंद खान या तुर्की सरदाराकडून तो बांधून घेतला. चार कोपऱ्यांना चार गोल बुरूज आहेत, उंची सुमारे १२ मीटर आणि भिंती ४ मीटरच्या आसपास जाड. दगड एकमेकांना लोखंडी पट्ट्यांनी जखडून सांध्यांत शिसं ओतलं होतं असं जुन्या तवारिखा सांगतात. बुरूज गोल का, हे मुलांना विचारा. चौकोनी कोपऱ्यावर गोळा आदळला तर कोपरा ढासळतो, गोल भिंतीवरून तो घसरतो. १५७३ मध्ये अकबराला हा किल्ला घ्यायला दीड महिन्याचा वेढा घालावा लागला. १७५९ मध्ये इंग्रजांनी तो ताब्यात घेतला, पण पुढची चाळीस वर्षं वर झेंडे दोन असत, एक मुघलांचा आणि एक त्यांचा. कारभार एकाचा आणि नाव दुसऱ्याचं, हा प्रकार किती दिवस चालवता येतो याचा नमुनाच.

महापालिकेने अलीकडच्या वर्षांत किल्ल्याचा जीर्णोद्धार करून आत संग्रहालय केलंय. दालनं नीटनेटकी आहेत, जरा जास्तच चकचकीत. मात्र दालनांत अडकून तटावर चढायचं विसरू नका. नदीच्या बाजूच्या बुरुजावर उभं राहिलं की बंदराची मांडणी एका नजरेत कळते. समोर पात्र, उजवीकडे वळून गेलेला काठ आणि पलीकडे रांदेरची बाजू. शक्यतो भरतीच्या वेळी जा. तापीचं पाणी उलटं वर चढताना दिसलं की जहाजं आत कशी येत हे वेगळं सांगावं लागत नाही. सगळं मिळून दीड-दोन तास धरा. पायऱ्या उंच आहेत. गुडघेदुखी असलेल्यांनी तळमजल्याची दालनं बघून अंगणात बसावं.

आता महाराजांच्या सुरतेबद्दल. हा प्रश्न प्रत्येक मराठी माणूस विचारतो आणि चुकीच्या जागी उत्तर शोधतो. महाराजांनी हा किल्ला घेतला नव्हता. जानेवारी १६६४ च्या पहिल्या आठवड्यात ते आले तेव्हा सुभेदार इनायत खान शहर वाऱ्यावर सोडून याच किल्ल्यात दडून बसला होता. वेढा घालायला जड तोफा नव्हत्या आणि वेळही नव्हता. काम शहरातल्या धनकोंकडे होतं, त्यात बहिर्जी बोहरा आणि हाजी सैद बेग ही नावं शिवचरित्रात येतात. मराठ्यांचा तळ पडला तो बुऱ्हाणपूर दरवाजाबाहेरच्या बागेत. म्हणजे खान्देशकडे तोंड असलेल्या दारात! शहराला तेव्हा फक्त मातीची भिंत होती, विटांचा तट त्या लुटीनंतरचा आहे. दुसरी स्वारी ऑक्टोबर १६७० ची. ती आटोपून परतताना वणी-दिंडोरीची लढाई झाली. तळाची म्हणून नेमकी खूण केलेली जागा नाही. दरवाजाही नाही. बुऱ्हाणपुरी भागळ हे वस्तीचं नाव मात्र टिकून आहे. तिथून रिक्षा जात असेल तर पाटी बघा, मुद्दाम वेळ काढू नका.

वखारीचंही तसंच. इंग्रजांना १६१३ मध्ये परवानगी मिळाली, डच त्यांच्यामागोमाग आले आणि फ्रेंच १६६८ मध्ये. पण जिच्यासमोर उभं राहून "हीच ती" म्हणावं अशी जुनी वखार आज उभी नाही. याचं कारण १८३७ हे साल. त्या वर्षी एप्रिलमध्ये लागलेली आग शहरात दोन-तीन दिवस धुमसत होती आणि त्याच पावसाळ्यात तापीला मोठा पूर आला. लाकडी माड्यांचं जुनं सुरत त्या एका वर्षात संपलं. म्हणून सुरतेत दगडाचं किंवा विटांचं जे होतं तेवढंच बघायला मिळतं, आणि सावकारांच्या हवेल्या शोधणाऱ्यांच्या हाती काही लागत नाही.

किल्ल्यातून बाहेर पडलात की मक्काई पुलाकडे चला. पाटी वाचून आपल्याकडच्या माणसाला मक्याची कणसं आठवतात, पण हे नाव मक्केवरून आलंय. हजचे यात्रेकरू इथून होड्यांत बसत. सुरत म्हणजे मुघल हिंदुस्थानचं मक्केचं दार होतं. बादशहाचं मोठं जहाज गंज-ए-सवाई १६९५ मध्ये परतीच्या वाटेवर, सुरतेकडे येत असतानाच, हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने लुटलं. त्याचा राग औरंगजेबाने सुरतेच्या इंग्रजांवर काढला आणि वखारीतल्या लोकांना कैदेत टाकलं. त्याच हाजींच्या मुक्कामासाठी शहाजहानच्या काळात १६४४ मध्ये मुघलसराई बांधली गेली. चौकापासून पायी दहा-पंधरा मिनिटांवर. मोठं दार, वरचा फारसी शिलालेख आणि मधलं चौकोनी अंगण एवढंच बघायचं आहे. पहारेकऱ्याला "अंदर से देखना है" सांगितलं की सहसा अडवत नाहीत, पण कार्यालयात घुसून फोटो काढू नका. वीस मिनिटं पुरतात. आपल्याकडच्या तहसील कचेरीची कळा या इमारतीला आलेली आहे, ते सोसून घ्यायचं.

याच पट्ट्यात खुदावंद खानाची मिर्झा सामी मशीद आहे. किल्ला बांधणाऱ्याची कबर तिथेच आहे, कोरीव दगडी जाळ्या पाहण्यासारख्या आहेत. शाहपोरमधलं चिंतामणी पार्श्वनाथाचं देरासर, म्हणजे जैन मंदिर, लाकडी कोरीवकामासाठी बघावं. सकाळच्या वेळी, चामड्याचा पट्टा-पाकीट बाहेर ठेवून. पारशांच्या दोन आतशबेहराम, म्हणजे मोठ्या अग्यारी, दोन्ही १८२३ च्या, बाहेरूनच बघायच्या. इतरांना प्रवेश नसतो आणि दारात हुज्जत घालणं बरं दिसत नाही. झांपा बाजारचा घड्याळ-मनोरा १८७१ चा, सुमारे ८० फूट उंच. तो रिक्षातून जाता जाता दिसला तरी चालेल. गोपीपुऱ्यात कवी नर्मदचं घर आहे. गुजराती वाचता येत असेल तर आत जा.

मराठी माणसाने सुरतेत आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात, जरी तिथे बघायला फारसं काही नसलं तरी. मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंग १८४० च्या दशकात इथे शिक्षक होते आणि दुर्गाराम मेहताजींसोबत त्यांनी १८४४ मध्ये मानवधर्म सभा काढली. आणि डिसेंबर १९०७ मध्ये इथेच काँग्रेस फुटली. अधिवेशन आधी नागपूरला ठरलं होतं, ते सुरतेला हलवलं. टिळक मंचावर उभे असताना मंडपातून पुणेरी जोडा उडाला आणि फेरोजशहा मेहता व सुरेंद्रनाथ बॅनर्जी यांना लागला.

दुसऱ्या दिवसाची सकाळ कबरस्तानांना द्या. माझ्या मते सुरतेतली सगळ्यात मोलाची जागा हीच, आणि सगळ्यात कमी लोक इथे येतात. इथे पत्त्याचा घोळ ठरलेला. "डच" म्हटलं की रिक्षावाला डच गार्डनला नेतो. ती नदीकाठची बाग आहे, कबरस्तान नव्हे. त्याला "कतारगाम दरवाजा, अंग्रेजों का कब्रस्तान" सांगा. डच आणि आर्मेनियन कबरस्तान तिथून जवळच गुलाम फळियाच्या बाजूला आहे. दोन्ही पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत. दाराला कुलूप असेल तर आसपासच्या दुकानात चौकशी करा. राखणदार बहुधा हाकेच्या अंतरावर असतो.

आत शिरलं की पहिल्यांदा माणूस बुचकळ्यात पडतो, कारण हे ख्रिस्ती कबरस्तान दिसतच नाही. घुमट, कमानी, मनोरे, दुमजली छत्र्या. थाळनेरचे फारुकी मकबरे किंवा बुऱ्हाणपूरच्या कबरी ज्याने पाहिल्यात त्याला हे ओळखीचं वाटेल. स्थानिक गवंडी, स्थानिक चुना आणि डोळ्यांपुढे मुघल उमरावांचे मकबरे. मोठ्या माणसाचं थडगं असंच असतं हे इंग्रजांनी इथेच शिकून घेतलं. इंग्रज कबरस्तानात सर्वांत ठळक दिसतं ते ऑक्झेंडन भावांचं थडगं. धाकटा ख्रिस्तोफर १६५९ मध्ये वारला. जॉर्ज १६६९ मध्ये. हा जॉर्ज ऑक्झेंडन म्हणजे १६६४ मध्ये वखारीचा दरवाजा लावून मराठ्यांना तोंड देणारा इंग्रज प्रेसिडेंट. त्याच्यानंतरचा जेराल्ड ऑंजियर, मुंबई वसवणारा म्हणून ज्याचं नाव घेतात, तोही १६७७ मध्ये सुरतेतच वारला. डचांच्या बाजूला हेंड्रिक व्हॅन रीडचा भव्य मकबरा आहे. मलबारच्या वनस्पतींवर बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध करणारा हाच. १६९१ मध्ये सुरतेकडे येताना जहाजावरच त्याचा अंत झाला आणि इथे त्याला पुरलं. ऑक्झेंडनच्या थडग्यावर मात करायची म्हणून तो एवढा मोठा बांधला असं म्हणतात, आणि दोन्ही पाठोपाठ पाहिल्यावर ते खोटं वाटत नाही.

शिलालेख वाचायचे असतील तर सकाळी आठ-नऊला जा. ऊन तिरपं असतं तेव्हा झिजलेली अक्षरं सावलीमुळे उठून दिसतात, दुपारी बारा वाजता तोच दगड कोरा दिसतो. अक्षरांवर खडू, पीठ किंवा पाणी चोळू नका, दगडाचा पापुद्रा निघतो. तारखांची एक गंमत आहे. १७५२ पर्यंत इंग्रजांचं वर्ष २५ मार्चला बदले. त्यामुळे जानेवारी ते २४ मार्च या काळातल्या मृत्यूवर आजच्या हिशोबाने आधीचं साल कोरलेलं असू शकतं, किंवा दोन्ही सालं जोडून. शिवाय सतराव्या शतकातल्या त्यांच्या तारखा आपल्या आजच्या पंचांगापेक्षा दहा दिवस मागे आहेत. शिवकालीन घटनांच्या तारखांवर होणारे निम्मे वाद यातूनच निघतात.

दुपारी जेवण करून गोपी तलाव बघता येईल. मलिक गोपी या धनाढ्य कारभाऱ्याने सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेला हा तलाव आता नव्याने बांधून काढलाय, आत बाग आणि पाळणे आहेत. इतिहास शोधणाऱ्याला तो गुळगुळीत वाटेल, पण दीड दिवस मुकाट्याने चाललेल्या मुलांना तेवढं हक्काचं आहे. त्याऐवजी रांदेरला जायचं असेल तर संध्याकाळी जा. ते सुरतेहून जुनं बंदर. ब्रह्मदेशाशी व्यापार करणाऱ्या इथल्या कुटुंबांनी रंगूनहून पैसाही आणला आणि खाणंही. सुरतेत मिळणारा खावसा तिकडचाच. थंडीत गेलात तर नदीकाठी पोंक मिळेल. तो म्हणजे आपला ज्वारीचा हुरडा, फक्त लिंबू-मिऱ्याची शेव घालून वजनावर विकलेला. आजी-आजोबांना तेवढं ओळखीचं मिळालं की पाय दुखल्याची तक्रार थांबते.

आता समुद्र. सुवाळी हे इतिहासाच्या दृष्टीने मोलाचं ठिकाण. किनारा आणि ओहोटीला उघडी पडणारी वाळूची दांडी यांच्यामध्ये खोल पाण्याची लांबट पट्टी होती. इंग्रज तिथे जहाजं उभी करत. २९-३० नोव्हेंबर १६१२ ला कॅप्टन थॉमस बेस्टने त्याच परिसरात पोर्तुगिजांच्या चार मोठ्या लढाऊ जहाजांना मागे रेटलं आणि मग मुघल दरबाराने इंग्रजांना दारात उभं केलं. पण आज तिथे हजीराचे कारखाने, चिखलट किनारा आणि वारा. स्मारक शोधायला जाल तर हात हलवत याल. डुमसला गर्दी असते. दोन्हीकडे पाण्यात उतरू नका. खंबातच्या आखातात भरती-ओहोटीचा फरक फार मोठा, पाणी येतं ते चालत्या माणसाच्या वेगाने, आणि ओहोटीत दूरवर गेलेल्या गाड्या चिखलात रुतून पाण्याखाली जातात. कोकणात तिथीला पाऊणने गुणून भरतीची वेळ काढतात. तो हिशोब मुंबईच्या किनाऱ्याचा. इथे पाणी तासाहून अधिक उशिरा चढतं, तेव्हा हजीराचं भरतीचं कोष्टकच बघा. रोज ती वेळ साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास मुलांना ओल्या वाळूवर सोडूच नका.

बंदर मेलं कशाने, हे मुलं विचारतीलच. मुंबईने खाल्लं, हे अर्धं उत्तर. इंग्रजांनी १६८७ मध्ये मुख्य ठाणं मुंबईला हलवलं हे खरं. मुघल सत्ता ढासळल्यावर आग्रा-बुऱ्हाणपूरकडचा माल येईनासा झाला हेही खरं. उरलेलं उत्तर आपल्या दारातून वाहतं. पूर्णा, वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा या सगळ्या नद्या खान्देशची काळी माती तापीत ओततात. ती माती सुरतेच्या मुखाशी साचत गेली आणि जहाजं मोठी होत गेली तसं नदीत येणं त्यांना अशक्य झालं. १९७२ मध्ये पूर्ण झालेल्या उकाई धरणानंतर तो गाळ धरणातच अडतो. पुराचं मात्र तसं नाही. ऑगस्ट २००६ मध्ये उकाईतून पाणी सोडावं लागलं तेव्हा सुरतेचा बहुतांश भाग पाण्याखाली होता. म्हणून ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जाणार असाल तर निघण्याआधी हतनूर धरणाचे किती दरवाजे उघडलेत ते बघा. भुसावळला सुटलेलं पाणी उकाई गाठतं, आणि तिथली पातळी वर असली की सुरतेचे नदीकाठचे रस्ते बंद होतात.